दोन ते सहा

आमच्या वायरमनना वेडं म्हणणारी माणसं जव्हारात पैशाला पासरी होती, आणि एकदा तर मीही त्यांना तोंडावर तसं म्हणून बसले. पण तो माझा हक्क होता. त्यांच्या बँडमध्ये दोन वर्षं भातगिरणीत बसून मी तुसाने डोळे लाल करून घेतले होते. ज्यांनी त्यांचं अर्धं गाणंसुद्धा कधी ऐकलं नाही आणि अजूनही चहाच्या टपरीवर 'तो गिटारवाला येडा' म्हणून हसतात, त्यांचं मात्र मी ऐकून घेत नाही. तिथल्या तिथे सुनावते. घरचे म्हणतात, जाऊ दे ना आता, किती वर्षं झाली त्याला. का जाऊ दे?

ते विजेच्या ऑफिसात वायरमन होते. त्यांना नाव होतं, पण ते फक्त पगारपत्रकावर. गावाला ते वायरमन, आणि आम्हालाही वायरमनच. खानदेशातून बदलून आले आणि मग इथेच राहिले. लग्न केलं नाही. का नाही, असं माझ्या आईने एकदा विचारलं तर म्हणाले, "वहिनी, अर्थिंग बघायला वेळच मिळाला नाही."

"आधी अर्थिंग बघा" हे त्यांचं सगळ्या गोष्टींवरचं उत्तर. मिक्सर पेटला, आधी अर्थिंग बघा. कुणाच्या मुलाने नोकरी सोडली, आधी त्याचं अर्थिंग बघा. बँडला नाव काय द्यायचं म्हणून आम्ही तीन रविवार भांडलो, शेवटी तेच नाव पडलं: अर्थिंग. वर्तमानपत्रात कधी छापून आलं असतं तर लोकांनी मुद्राराक्षस समजून दुरुस्त केलं असतं.

दुसरी सवय म्हणजे ठोकून बघायचं. खांब, बादली, पपई, आमच्या दुकानातला तेलाचा डबा, जे समोर येईल त्यावर बोटाच्या पेराने टकटक करायचे, मान वाकडी करून ऐकायचे आणि आवाज खणखणीत असला तर नुसतं "हं" म्हणायचे. नसला तर काहीच म्हणायचे नाहीत. मोखाड्याच्या बाजारात भोपळेवाली त्यांना लांबून बघूनच ओरडायची, "घेयाचा हाय का नुसता वाजवायचा हाय?" माझ्या वाजवण्यावर त्यांनी दोन वर्षांत एकदाही हं म्हटलं नाही. पपईला म्हणायचे, मला नाही. मला ते लागायचं, आता कबूल करायला काय हरकत आहे.

आमची ओळख झाली ती मीटरमुळे. मी मोखाड्याच्या पंचायत समितीत क्लार्क म्हणून नुकतीच लागले होते, रोज जव्हारहून जीपने जाऊन-येऊन करायचे. त्या दिवशी सुट्टी होती, मी पेटी काढून बसले होते. वायरमन मीटर बघायला आले आणि मीटर सोडून माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. मला वाटलं, आवडलं वाटतं. तर म्हणाले, "मॅडम, तुमच्या पेटीचं आणि ट्यूबलाइटचं भांडण चाललंय."

"म्हणजे?"

"चोक ऐका. पांढरी पाचच्या किंचित वर गातेय. आपली सगळी वीज त्याच सुरात गाते, इथून पार दिल्लीपर्यंत. तुम्ही काळी चारला बसलाय. कसं जमायचं?"

मी पांढरी पाच लावली. पेटी आणि ट्यूबलाइट एकमेकांना अशा चिकटल्या की अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. बाबा दुकानातून ओरडले, "झालं का हो मीटर बघून?"

"मीटर ठीक आहे," वायरमन म्हणाले, "मुलगी वाया चाललीय."

बाबांनी त्यांना चहा विचारला नाही.

आता हा माणूस गिटारकडे वळला कसा, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. आयटीआय करून ते मुंबईत शिकाऊ म्हणून होते तेव्हा फुटपाथवर त्यांनी एक कॅसेट घेतली. कुणीतरी घरी भरलेली, वर नाव नाही, काही नाही. एका बाजूला एकच गाणं. परदेशातलं असावं. गिटार, बाजा, ड्रम, आणि वीस-बावीस मिनिटं ते गाणं नुसतं चढत जातं, चढत जातं, आणि आता वर पोचणार तेवढ्यात टक्! टेप संपली. वायरमननी ती कॅसेट वीस वर्षं ऐकली. कुणाचं गाणं, माहीत नाही. शेवट काय, माहीत नाही. गिटार शिकले ते तो शेवट शोधायला. "अर्धवट गाणं फार वाईट, मॅडम," असं म्हणायचे. "माणूस त्याच्याच पुढे काय, पुढे काय, करत बसतो."

गिटारसुद्धा विकतची नव्हती. शाळेच्या मोडक्या बाकाचं सागवान आणि जळलेल्या पंख्याच्या मोटारीतली तांब्याची तार, त्यातून त्यांनी ती स्वतः बनवली होती. दिसायला ध्यान होती. वाजायची मात्र अशी की ऐकणारा गप्प बसावा.

तर असे आम्ही तिघं. वायरमन गिटारवर, मी कीबोर्डवर आणि ड्रमवर काशिनाथ. काशिनाथ मोखाड्याला जीप चालवायचा, त्याआधी लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवायचा. त्याचा अर्धा ड्रमसेट त्या बँडमधून आलेला, उरलेला अर्धा डांबराच्या पिंपांतून.

तेव्हा लोडशेडिंगचे दिवस. आमच्या भागाला दुपारी दोन ते सहा वीज नसायची. बाकीचे शिव्या घालायचे, वायरमन दोन वाजायची वाट बघायचे. दोनला सगळं थांबतं, गिरण्या, पंखे, फ्रीज, लाउडस्पीकर, आणि ती पांढरी पाचसुद्धा थांबते. "आता खरी शांतता," ते म्हणायचे. साखरशेतच्या भातगिरणीच्या मालकाला त्यांनी पटवलं. वीज नाही म्हणजे गिरणी बंद, म्हणजे दर रविवारी दोन ते सहा ती जागा आमची. नाशिकचा एक ऑर्केस्ट्रा बंद पडला, त्यांचं चार ट्रॅकचं कॅसेट मशीन वायरमननी आणलं. ते आणि आमचे स्पीकर ट्रकच्या दोन बॅटऱ्यांवर चालायचे. भाताची पोती रचून आम्ही भिंती केल्या. माझ्या कीबोर्डच्या पट्ट्यांत अजून तूस असेल.

आमच्या गाण्यांत शब्द नव्हते. गाणं सुरू झालंय हेच लोकांना चौथ्या-पाचव्या मिनिटाला कळायचं. आधी गिटारची एकच तार, मग माझे लांब धरलेले सूर, बऱ्याच वेळाने काशिनाथ. कधी सात मात्रा, मध्येच पाच. वायरमन नोटेशन लिहायचे ते लाइनच्या नकाशासारखं: इथे खांब, इथे झोल, इथे ट्रान्सफॉर्मर, म्हणजे इथे सगळ्यांनी वर चढायचं. काशिनाथला ते पटकन कळायचं, मला नाही. साखरशेतच्या बायका दारात येऊन उभ्या राहायच्या. एकदा आम्ही बारा मिनिटं वाजवून घामाघूम झालो तेव्हा एकीने विचारलं, "गाना कवा चालू करशील?"

काशिनाथ म्हणाला, "झाला ना आत्ता."

"तो झाला? मना वाटला, मशीन नीट करताव."

वायरमनना याचा राग यायचा नाही. राग आला तो एकदाच, जव्हारच्या एका गणेश मंडळाच्या स्टेजवर. आमचं नववं मिनिट चालू होतं. खालून कुणीतरी ओरडलं, "अरे, गाणं म्हणा, गाणं!" मग हशा. मग अध्यक्षांनी सरळ जाऊन आमचा प्लग उपसला. वायरमन खाली उतरले, त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "वीज बंद करायचं काम माझं आहे. तुम्हाला ट्रेनिंग आहे का?" त्या दिवसापासून बॅटऱ्या घेतल्याशिवाय वायरमन कुठेही वाजवायला गेले नाहीत.

पण गाणं वेगळं आणि लाइन वेगळी, हे त्यांच्याकडे पक्कं होतं. एका पुढाऱ्याच्या घरी लग्न होतं, त्याने निरोप धाडला की दोन ते सहा आमच्याकडची लाइट घालवू नका. वायरमन स्वतः मांडवात गेले. म्हणाले, "तुमच्याकडे ठेवली तर दुसरीकडे चार तास जास्त काढावी लागेल. कुणाकडे काढू ते तुम्ही पाहुण्यांसमोर सांगा, मी तसं करतो." लाइट दोनला गेली. वायरमनना मेमो आला. असे मेमो त्यांच्याकडे ढीगभर होते, आणि त्यांच्या कोऱ्या बाजूंवर आमचा सगळा अल्बम लिहिलेला होता. पुढे रिटायर झाले त्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले, यांना गिटारचा छंद होता. वायरमन शाल-नारळ हातात घेऊन उभे होते, तिथूनच म्हणाले, "साहेब, छंद नोकरीचा होता." मी मागे बसून एकटीच टाळ्या वाजवल्या.

अल्बमची कल्पना दुसऱ्या वर्षीची. नाव अर्थातच 'दोन ते सहा'. पहिल्या बाजूला एकच गाणं, पंचवीसेक मिनिटांचं. सुरुवातीला ट्रान्सफॉर्मरचा आवाज, तीच पांढरी पाच, मिनिटभर. मग ती टप्पकन बंद, दोन वाजले. मग शांतता, मग आम्ही. गाणं चढत जायचं, आणि अगदी शेवटी आम्ही तिघं थांबायचो आणि तिथे तारपा यायचा होता. तारपा म्हणजे भोपळ्याचं आणि बांबूचं आमच्याकडचं वाद्य. भात झालं की गावोगाव त्यावर नाचतात. वायरमनना तो वांगणीत सापडला. ते खांबावर होते आणि खाली रावजीबाबा नावाचा म्हातारा आपल्या खळ्यावर तारपा वाजवत होता. "पहिल्यांदा खांबावर माझा पाय थरथरला," वायरमन सांगायचे. "वीस वर्षं जो शेवट शोधत होतो तो हाच." आता गाणं नीट शेवटापर्यंत पोचवायचं आणि लोकांच्या हातात द्यायचं, एवढं एकच त्यांना आयुष्यात हवं होतं. बाकी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

तेव्हाच मुंबईचा एक माणूस आमच्या हाती लागला. एका कॅसेट कंपनीचा. धबधबा बघायला आला आणि काशिनाथच्या जीपमध्ये बसला. काशिनाथने त्याला धबधब्याऐवजी आधी गिरणीत आणलं. त्याने बसून ऐकलं, हे त्याचं श्रेय मी काढून घेणार नाही. म्हणाला, याला जगात प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. वायरमन म्हणाले, "असेल. आम्ही याला रविवार म्हणतो." तो हसला. मग अटी सांगितल्या. पंचवीस मिनिटांचं पाच मिनिटं करा. तारपा शेवटी नको, सुरुवातीलाच आणा, ट्रायबल टच पाहिजे, विकेल तो त्यावरच. आणि गणपतीच्या आत द्या.

"तारपा देतो," वायरमन म्हणाले. "कापणार मात्र नाही."

"आधी तारपा तर आणा, बाकीचं बघू," तो म्हणाला. मला वाटलं, चला, दार तर उघडलं. घरी माझ्या लग्नाचं चाललं होतं आणि 'रविवारी गिरणीत दोन पुरुषांबरोबर काय करते' हे सगळ्या गल्लीला कळलं होतं. कॅसेट आली की या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून ती समोर ठेवायची, एवढंच माझ्या डोक्यात.

आम्ही वांगणीला गेलो. भर पावसाळा, शेवटचे दोन मैल चिखलातून चालत. रावजीबाबांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "आता नाय. भात आजून पोटऱ्यात बी नाय. नवा येल, कणसरीला दाखवू, मंग वाजवू." कणसरी म्हणजे त्यांची धान्याची देवी. नवं धान्य तिला दाखवल्याशिवाय तारपा तोंडाला लावायचा नाही.

मी म्हटलं, "बाबा, नुसतं मशीनमध्ये भरायचंय. कुणाला ऐकूही जाणार नाही."

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. "कणसरीला बी नाय?"

वायरमन खो-खो हसले. वायर गुंडाळली आणि म्हणाले, "चला मॅडम. उत्तर मिळालं." गणपती दीड महिन्यावर होते आणि हा माणूस हसत होता.

पुढच्या आठवड्यात वादळ झालं, वावर गावाच्या बाजूला झाडं पडून तारा तुटल्या आणि वायरमन चार-पाच दिवस तिकडेच अडकले. मशीन आणि कॅसेटी माझ्याकडे होत्या. आणि मी ते केलं. कीबोर्डवर सनईचा एक आवाज होता, तो खाली ओढला, घोगरा केला, वांगणीच्या वाटेवर रावजीबाबांच्या नातवाने गुणगुणलेली चाल त्यावर वाजवली. चांगली वाजवली. गाणंसुद्धा कापलं, सव्वापाच मिनिटांचं केलं, आणि काशिनाथच्या ओळखीच्या माणसाबरोबर कॅसेट मुंबईला धाडून दिली. तिसऱ्या दिवशी दुकानात फोन. "एकदम ओरिजिनल वाटतो हो तारपा! गणपतीला बाजारात." बाबा शेजारीच उभे होते. त्यांनी त्या दुपारी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं, मुलीची कॅसेट येतेय. साखर बांधून देताना सांगितलं, रॉकेलच्या रांगेतल्या माणसांना सांगितलं. बाबा माझ्यासाठी असे कधी बोललेच नव्हते.

वायरमन परत आले ते तसेच ओल्या रेनकोटमध्ये गिरणीत आले. मी काहीही न सांगता कॅसेट लावली. सव्वापाच मिनिटं ते उभे राहून ऐकत होते, रेनकोटमधून पाणी ठिबकत होतं.

"सुरात आहे," म्हणाले. मग, "पण हा माणूस उभा कुठे आहे?"

"कोण माणूस?"

"वाजवणारा. याचे पाय कुठायत?"

ते तसेच बाहेर पडले, काशिनाथची जीप घेऊन मोखाड्याला गेले आणि फोनच्या बूथवरून मुंबईच्या त्या माणसाला सांगून टाकलं, ती कॅसेट आमची नाही, काढू नका. मीही मागोमाग जीपमध्ये चढले होते, बूथसमोर मागच्या सीटवर बसून सगळं ऐकत होते. ते बूथमधून बाहेर आले आणि माझा तोल गेला. भर रस्त्यात ओरडले. "एका म्हाताऱ्यासाठी? लोकांचं काय काय ऐकून घेऊन मी इथे येते, माहितीय तुम्हाला? बाबांनी सगळ्या गावाला सांगितलंय! तुम्ही वेडे आहात. ठार वेडे!"

"असेन," ते म्हणाले. त्यांच्या हातात माझी कॅसेट होती, ती त्यांनी मला परत दिली. "पुसू नका. वाजवलंय चांगलं. फक्त त्यावर तारपा असं लिहू नका."

मी जवळजवळ तीन महिने गिरणीत पाऊल टाकलं नाही. गणपती आले आणि गेले. बाबांना गिऱ्हाइकं विचारायची, कॅसेटचं काय झालं हो? बाबा वजनाकडे बघत राहायचे. मी रडायचे, चिडायचे, आणि ऑफिसात जावक रजिस्टरवर बोटांनी आमचंच गाणं वाजवायचे. सात मात्रा, मग पाच.

दिवाळीतली वाघबारस होऊन गेल्यावर एका रविवारी काशिनाथने दारात जीप उभी केली. "ताई, वायरमननी सांगितलंय, वांगणीला खळ्यावर. कीबोर्ड नको. नुसत्या या."

जायचं नाही असं ठरवून मी चपला घातल्या.

खळ्यावर भाताची रास होती. कणसरीचं सगळं सकाळीच झालं होतं, आम्हालाही नव्या तांदळाचा भात वाढला. मग रावजीबाबांनी तारपा उचलला. वायरमननी मशीनमध्ये आमच्याच गाण्याची कॅसेट लावून शेवटच्या कोऱ्या भागावर आणली, माईक खळ्याच्या मधोमध ठेवला आणि म्हणाले, "बाबा, इथे समोर उभं राहायचं."

"उभा राहून तारपा वाजत नाय," म्हातारा म्हणाला. "पाय थांबला का वारा थांबला."

आणि तो चालायला लागला. तारपेवाला वाजवत वाजवत फेर धरतो आणि नाचणारे हात धरून त्याच्याबरोबर फिरतात. कसेही वळले तरी त्याला पाठ कुणी दाखवत नाही, ही तिथली रीत. तारप्याचा सूर मध्ये तुटत नाही, वाजवणारा श्वास घेतो कधी तेच कळत नाही. वायरमन माईकजवळ मांडी घालून बसले होते, कानाला हेडफोन, आणि त्यांची मान म्हाताऱ्याबरोबर फिरत होती. मशीनच्या काट्याकडे माझी नजर गेली. म्हातारा जवळ आला की काटा चढायचा, लांब गेला की पडायचा, पुन्हा चढायचा. आवाज चालत होता. माझ्या कीबोर्डच्या तारप्याला पाय नव्हते, हे मला तेव्हा कळलं. लाज वाटली, सरळ सांगते.

किती वेळ झाला कुणास ठाऊक. मला दिसलं की टेपचं रीळ संपत आलंय. मी वायरमनच्या खांद्याला हात लावला, म्हाताऱ्याला थांबवू का, अशी खूण केली. त्यांनी मान हलवली. नाही. रीळ संपलं. टक्! मशीन बंद पडलं, आणि रावजीबाबा वाजवतच होते.

वायरमननी हेडफोन काढला आणि मोकळ्या कानांनी ऐकत बसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसलंही नाही.

म्हातारा थांबला तेव्हा मी म्हटलं, "पुन्हा भरूया ना? नवी कॅसेट लावते. शेवट राहिला."

"नको."

"अहो, वीस वर्षं तुम्ही अर्धवट गाण्याच्या नावाने बोंबलताय!"

"ते कुणी कापलेलं नव्हतं, मॅडम," ते म्हणाले. "तिकडे ते वाजवतच असणार. इथे टेप संपली. कापणं वेगळं, टेप संपणं वेगळं. मला आजपर्यंत कळलं नव्हतं."

मुंबईच्या माणसाला त्यांनी ते पंचवीस मिनिटांचं गाणं पाठवलं, आणि त्याचं उत्तर आलं: तारप्याचा आवाज वर-खाली होतोय, रेकॉर्डिंग सदोष आहे, शिवाय शेवट नाही. वायरमननी त्या पत्राच्या पाठीमागे कॅसेटचं कव्हर आखलं. वर लोडशेडिंगचं वेळापत्रक, खाली चौघांची वाद्यं. आम्ही स्वतःच कॅसेटी भरल्या, एकेक करून, दोन मशीन जोडून. लेबलं माझ्या ऑफिसच्या अक्षरात आहेत.

आणि प्रकाशन मोखाड्याच्या आठवड्याच्या बाजारात. मी म्हटलं, "तिथे? कोण ऐकणार तिथे?" लोक वीटभट्टीवर मजुरीला जायच्या आधीचा शेवटचा मोठा बाजार, निम्मा तालुका आलेला. सुकी मासळी, दोरखंड, बांगड्या, आणि तीन कॅसेटवाले, प्रत्येकाचा लाउडस्पीकर दुसऱ्यावर भुंकतोय. काशिनाथने जीपच्या टपावर आमचा स्पीकर बांधला. वायरमन सारखे घड्याळ बघत होते. अध्यक्षस्थानी रावजीबाबा, म्हणजे जीपच्या बॉनेटला टेकून विडी ओढत.

दोनला बरोबर एक मिनिट कमी असताना वायरमननी कॅसेट लावली. ट्रान्सफॉर्मरची पांढरी पाच सुरू झाली, त्या गोंगाटात कुणाला ऐकूच येईना. मी घाबरून त्यांच्याकडे बघितलं. ते हाताची घडी घालून उभे.

आमच्या कॅसेटमधली वीज गेली. आणि त्याच घटकेला मोखाड्याची गेली.

तिन्ही लाउडस्पीकर एका दमात गप्प झाले. पिठाची गिरणी थांबली, उसाच्या रसाची मोटार थांबली. रोजच्यासारखे दोन वाजले होते, वायरमननी एकाही बटणाला हात लावला नव्हता. फक्त आम्ही बॅटरीवर होतो. त्या शांततेत गिटारची ती एकच तार सगळ्या बाजारात वाजायला लागली, आणि प्लग उपसायला कुणी येऊ शकत नव्हतं, कारण प्लगच नव्हता.

लोक ऐकत होते म्हणावं तर तसंही नाही. बोलत होते, घासाघीस करत होते, पण हळू आवाजात. एक कॅसेटवाला येऊन म्हणाला, "क्या बजा रहे हो भाई, शोक का है क्या?" काशिनाथने त्याला आपल्या शेजारी बसवून घेतलं. गाणं चढत गेलं, चढत गेलं. मग आम्ही तिघं थांबलो, आणि लांबून तारपा आला.

आधी एक म्हातारी वळली. नाचणीची पाटी पुढ्यात घेऊन ती आमच्याकडे पाठ करून बसली होती. ती बसल्या जागी फिरली आणि तोंड जीपकडे केलं. मग तिच्या शेजारची. मग मासळीवाल्या. दोरखंडवाला उभा होता, तो वळला. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. तारपा जवळ येत होता, लांब जात होता, आणि सगळ्या बाजारात एकही माणूस त्याला पाठ करून राहिला नाही. रावजीबाबांनी विडी टाकली होती. आणि दुकान बंद करून, कुणाला न सांगता, मागे बाभळीखाली येऊन उभे राहिलेले माझे बाबा मला तेव्हा दिसले. तेही इकडेच बघत होते.

टक्!

टेप संपली. सूर मध्येच तुटला. कुणी हललं नाही.

नाचणीवाली म्हातारी वायरमनकडे बघून म्हणाली, "आन फुडं?"

पुढाऱ्याला, साहेबांना, कंपनीवाल्याला ताडकन उत्तर देणारा माणूस, आणि म्हातारीच्या त्या दोन शब्दांपुढे नुसता उभा. वीस वर्षं तो स्वतः तेच विचारत होता आणि त्याला उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

मग मीच म्हटलं, "फुडं वांगणीला, आजी. खळ्यावर. बाबा वाजवतायत अजून."

म्हातारीने मान डोलावली. आणि वायरमननी मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं, थोडा वेळ तसंच ऐकल्यासारखं केलं, आणि म्हणाले, "हं."